जुनी पिकअप जड चासीवर उभी करताना: टेपपासून वजनकाट्यापर्यंत

केबिन चांगली आहे, दरवाजे नीट लागतात, इंजिन ऐकायला गोड आहे, पण खाली वाकून बघितलं तर चासी गंजून पापुद्रे सुटलेत, किंवा चासी धड आहे पण गाडीला जे ओढायचंय ते तिच्या ताकदीबाहेरचं आहे. अशा वेळी बऱ्याच जणांच्या डोक्यात येतं की हीच बॉडी मोठ्या भावाच्या चासीवर बसवूया, म्हणजे अर्ध्या टनाची पिकअप पाऊण टनाच्या नाहीतर एक टनाच्या चासीवर. काम होतं, आणि झाल्यावर गाडी खरंच वेगळी होते. फक्त एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. नुसती चासी आणू नका, चासीवाली अख्खी गाडी आणा. एक्सल, ब्रेक, कमानपाटे, स्टिअरिंग बॉक्स, जोड शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंतचा), टाकी, हँडब्रेकच्या केबली, सगळ्या पट्ट्या आणि ब्रॅकेट्ससकट. मी पहिल्यांदा स्वस्तात मिळाली म्हणून उघडी चासी आणली होती आणि पुढचे कित्येक महिने एकेक ब्रॅकेट शोधण्यात गेले, जे अख्ख्या गाडीबरोबर आपोआप आले असते.

हे अर्धा, पाऊण आणि एक टन म्हणजे काय तर पूर्वी हौद्यात साधारण किती माल न्यायचा त्यावरून पडलेली नावं. आज त्या आकड्यांचा खऱ्या क्षमतेशी फारसा संबंध नाही, पण वर्ग म्हणून ती टिकली. आणि जड वर्ग म्हणजे फक्त जाड लोखंड नाही. चासी, कमानी, एक्सल, बेअरिंग, ब्रेक, रिम, टायर, यातलं जे सगळ्यात कमजोर तीच गाडीची खरी ताकद. जड चासीखाली जुनेच एक्सल आणि जुनेच ब्रेक ठेवले तर तुम्ही फक्त गाडीचं रिकामं वजन वाढवलंत.

आधी कागद

पाना हातात घ्यायच्या आधी तुमच्या गाडीची नोंदणी जिथे आहे तिथे विचारून या. चासीवर नंबर कोरलेला असतो आणि बऱ्याच ठिकाणी कायद्याच्या दृष्टीने चासी हीच गाडी असते, बॉडी नाही. म्हणजे काम झाल्यावर गाडी कागदोपत्री तुमची जुनी राहणार की दाता गाडी, म्हणजे जिची चासी घेतोय ती, होणार हे आधी कळलं पाहिजे. दाता गाडीचे मूळ कागद विकणाऱ्याच्या नावावर आहेत का ते बघा, चासीवरचा नंबर स्वतः माती पुसून वाचा आणि कागदाशी ताडा. नंबरची पट्टी एका गाडीवरून काढून दुसरीवर लावणं, कोरलेला नंबर घासणं, हा बहुतेक सगळीकडे गुन्हा आहे, ते करायचंच नाही. इन्शुरन्सवाल्यांनाही लेखी कळवा. आणि कागदावरची वजनमर्यादा आपोआप वाढत नाही हे लक्षात असू द्या.

जुळणारी जोडी

सगळ्यात सोपं काम त्याच कंपनीच्या, त्याच पिढीच्या गाड्यांमध्ये होतं. उदाहरणार्थ शेव्हरोलेच्या १९७३ ते १९८७ च्या चौकोनी बांध्याच्या पिकअप, त्यात हलक्या आणि जड वर्गाला साधी केबिन एकच होती, त्यामुळे केबिन बदलताना जागा जुळतात. पण हौद्याचं गणित वेगळं. आखूड हौद्याच्या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, ११७.५ इंच आणि लांब हौद्याचा १३१.५ इंच, आणि पाऊण टनाची पिकअप लांब हौद्यातच यायची. तुमची गाडी आखूड असेल तर एकतर लांब हौदा शोधा नाहीतर चासी १४ इंचाने आखूड करा, आणि तेवढ्यानेही भागत नाही कारण दोन हौद्यांच्या लांबीत दीड फुटाच्या आसपास फरक आहे, म्हणजे उरलेलं मागच्या एक्सलच्या मागूनही कापायचं. माझं मत स्पष्ट आहे, लांब हौदा शोधा.

अजून एक फसवणारी गोष्ट. काही जड चासी हौद्यासाठी नसतातच, त्या नुसत्या केबिनसकट विकल्या जातात आणि मागे टँकर, टिपर काहीही बसवायचं असतं. त्यांचे केबिनमागचे दोन्ही आड, म्हणजे चासीच्या दोन लांब तुळया, सरळ आणि सपाट असतात आणि एकमेकांच्या जवळ असतात, पिकअपचा हौदा त्यावर थेट बसत नाही. दिसायला चासी दणकट आणि स्वच्छ दिसते म्हणून उचलू नका, हौद्याच्या बोल्टची भोकं आहेत का बघा.

दाता गाडी बघायला जाताना छोटी हातोडी, टॉर्च, टेप, ओळंबा आणि खडू घेऊन जा. आड हातोडीने ठोकत जा, चांगलं लोखंड खणखणतं आणि आतून खाल्लेलं बद्द वाजतं. कमानीच्या पुढच्या आणि मागच्या हँगरपाशी, क्रॉस मेंबरच्या (दोन आडांना जोडणाऱ्या आडव्या तुळईच्या) जोडाशी आणि बंद पेटीसारख्या भागांच्या खालच्या पट्टीवर गंज जास्त असतो कारण तिथे चिखल अडकून बसतो. स्टिअरिंग बॉक्सच्या आजूबाजूला बारीक तडे शोधा, मोठे टायर लावून फिरलेल्या फोर बाय फोरमध्ये तिथे तडा जाणं फार सामान्य आहे. तडा दिसत नसेल तर माती पुसून गंजाची तांबूस रेघ दिसते का बघा.

वाकलेली चासी कशी ओळखायची? गाडी सपाट जमिनीवर घ्या, चासीवर दोन्ही बाजूंना अगदी सारखी असलेली चार ठिकाणं निवडा, म्हणजे कमानीच्या हँगरचे बोल्ट वगैरे, तिथून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खूण करा. गाडी बाजूला घ्या आणि खुणांचे कर्ण मोजा. दोन्ही कर्ण ३ मिलिमीटरच्या आत जुळले तर चासी चौकोनात आहे. १० मिलिमीटरचा फरक दिसला तर मी ती गाडी सोडून देतो, मग ती कितीही स्वस्त असो, कारण चासी सरळ करायचं मशीन हे घरच्या शेडमधलं काम नाही.

सुटं करणं

दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करायला जागा हवी आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त जागा सुट्या भागांना लागते. सोडायला सुरुवात करायच्या आदल्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी बॉडीच्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारत राहा. बॅटरी काढा. टाकी रिकामी करून सगळ्यात आधी बाहेर काढा आणि कामाच्या जागेपासून लांब ठेवा, कारण पुढे ग्राइंडर चालणार आहे आणि रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, आत वाफ असते.

फोटो काढा, प्रत्येक पाइप, प्रत्येक वायर, प्रत्येक पट्टी, सोडायच्या आधी. बोल्ट एकाच डब्यात टाकायचे नाहीत, प्रत्येक जागेची वेगळी पिशवी आणि त्यावर मार्करने नाव, आणि जिथे जमेल तिथे बोल्ट परत त्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवा.

क्रम असा ठेवा की आधी हौदा, मग पुढचे मडगार्ड, रेडिएटर आणि समोरचा सांगाडा, मग केबिन. हौदा चार माणसं उचलू शकतात. केबिन उचलायच्या आधी तिच्यातून खाली जाणारं काय काय आहे ते एकदा पाठ करा: स्टिअरिंगचा शाफ्ट, ब्रेकचे पाइप, क्लचची जोडणी, गिअरचे दांडे, ॲक्सिलरेटरची केबल, हँडब्रेकची केबल, स्पीडोमीटरची केबल, हीटरचे दोन होज, वायरिंगचे सॉकेट, आणि केबिनपासून इंजिनकडे जाणारी अर्थची पट्टी, जी हमखास विसरली जाते. बॉडी माउंटचे, म्हणजे केबिन चासीवर जिथे बसते तिथले, बोल्ट गंजून फिरतच नसतील तर जमिनीच्या बाजूने कापा, केबिनच्या बाजूचा पिंजऱ्यातला नट वाचवा.

केबिनच्या खालच्या पट्ट्या गंजलेल्या असतील तर दरवाजे काढण्याआधी दोन्ही दारांच्या चौकटीत आडवे-तिरके टेकू बोल्टने लावून घ्या. नाहीतर केबिन हवेत गेल्यावर मधून झुकते आणि मग दरवाजे कधीच नीट लागत नाहीत. दोन पोस्टची लिफ्ट असेल तर उत्तम, नसेल तर दोन जाड तुळया केबिनखालून आरपार घालून चारही कोपरे हळूहळू जॅकने वर घ्या आणि प्रत्येक टप्प्याला खाली घोड्या सरकवत जा. दोन इंच वर गेल्यावर थांबायचं आणि पूर्ण चक्कर मारून कुठे काही ताणलंय का बघायचं. आणि केबिन फक्त जॅकवर किंवा चेन ब्लॉकवर असताना कुणीही खाली जायचं नाही.

चासीचं काम

इथे वेळ घालवा. गाडी पुन्हा इतकी उघडी कधी मिळणार नाही.

उघडी चासी धुऊन, घासून, जमलं तर सँडब्लास्ट करून घ्या. मग परत तडे शोधा, आता जास्त सापडतील. सैल झालेले रिबेट हाताला लागतात, त्याच्याभोवती गंजाची पावडर दिसते. असा रिबेट काढायचा तर डोकं ग्राइंडरने घासा, मध्यभागी पंच मारा, रिबेटपेक्षा जरा बारीक ड्रिल आत घाला आणि उरलेला पंचने बाहेर ठोका. जागी १०.९ ग्रेडचा किंवा इंचात असेल तर ग्रेड ८ चा बोल्ट, भोकात घट्ट बसणारा, आणि आटे भोकाच्या आत येणार नाहीत एवढा लांब. बोल्ट भोकात खुळखुळत असेल तर सगळा भार नुसत्या घर्षणावर जातो आणि सहा महिन्यांत भोक लांबट होतं.

भोकं पाडणं आणि वेल्डिंग याबद्दल थोडं सविस्तर, कारण बहुतेक चुका इथेच होतात. चासीचा आड इंग्रजी सी अक्षरासारखा असतो, उभी भिंत आणि वर-खाली दोन आडव्या पट्ट्या. गाडी लोड झाली की आड वाकायला बघतो, वरची पट्टी दाबली जाते, खालची ताणली जाते, आणि उभ्या भिंतीच्या मधोमध ताण जवळजवळ काहीच नसतो (एक्सलच्या मागच्या लोंबत्या भागात हे उलटं होतं, वरची ताणली जाते). म्हणून भोक पाडायचंच असेल तर उभ्या भिंतीच्या मधल्या पट्ट्यात, वरच्या-खालच्या पट्ट्यांना हात लावायचा नाही. आडाची ताकदही यावरच ठरते. लोखंड दुप्पट जाड केलं तर कडकपणा साधारण दुप्पट होतो, पण आडाची उंची वाढली तर तो त्यापेक्षा कितीतरी वेगाने वाढतो, आणि म्हणूनच जड चासी बघताना मी आधी उंची मोजतो, जाडी नंतर.

वेल्डिंगचा नियम असा की मोठ्या ट्रकच्या काही चासी उष्णतेने कडक केलेल्या असतात, त्यांना वेल्ड केलं की शेजारचं लोखंड मऊ पडतं, म्हणून चासीवर वेल्डिंग करू नका असा शिक्का असेल तर तो पाळा. साध्या लोखंडाच्या पिकअप चासीला वेल्डिंग चालतं, पण आडाला आडवा सरळ कापून सरळ जोडू नका, काप तिरका किंवा पायरीसारखा घ्या, आतून पट्टी द्या, पट्टीची टोकं निमुळती ठेवा म्हणजे भार एकदम एका रेषेवर येणार नाही. चासी आखूड करायची असेल तर हे काम सर्टिफिकेट असलेल्या वेल्डरकडूनच. ब्रॅकेट लावायचं असेल तर शक्यतो बोल्टने लावा. आणि इंजिन गाडीत असताना वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सुट्या करा.

रंगाचं म्हणाल तर रेड ऑक्साइड किंवा इपॉक्सी प्रायमर, वर चासीचा काळा, आणि बंद भागांच्या आत लांब नळीने मेणाचं कोटिंग. पावडर कोटिंग छान दिसतं पण गंजाच्या खपल्यांवर केलं तर पापुद्र्यासकट निघतं आणि आत काय चाललंय ते दिसत नाही. मी तरी साधा रंग पसंत करतो, तो परत मारता येतो.

एक्सल, कमानी, ब्रेक

जड वर्गाचा खरा फायदा मागच्या एक्सलमध्ये आहे. हलक्या गाडीत एक्सलचा दांडा चाक फिरवतोही आणि गाडीचं वजन पेलतोही, दांडा तुटला तर चाकच निघून जाऊ शकतं. जड गाडीतल्या फुल फ्लोटिंग एक्सलला हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) दोन बेअरिंगवर हाउसिंगच्या, म्हणजे एक्सलच्या बाहेरच्या कवचाच्या, टोकाला फिरतो, वजन हाउसिंग पेलतं आणि दांडा फक्त फिरवायचं काम करतो, इतकं की चाक जमिनीवर असताना दांडा ओढून बाहेर काढता येतो. ही बेअरिंग काढा, धुवा, बघा, नवीन सील टाका, आणि ग्रीस किंवा गिअर ऑइल जे त्या एक्सलला लागतं ते भरा. ब्रेकच्या पॅडवर तेलाचा एक थेंबही गेलेला चालणार नाही.

गिअर रेशो, म्हणजे चाक एकदा फिरायला जोड शाफ्ट किती वेळा फिरतो ते, तपासा. हलक्या गाडीत ३.०८ आणि दात्यात ४.१० असेल तर त्याच टायरवर आणि त्याच वेगाला आधी २००० आरपीएमला फिरणारं इंजिन आता २६६० च्या आसपास फिरेल. ओढायला मजा, हायवेला आवाज आणि इंधन जास्त. स्पीडोमीटरही चुकीचा दाखवेल, त्याचा गिअर बदलावा लागतो.

रिम जुने चालणार नाहीत. वर सांगितलेल्या गाड्यांमध्ये हलक्या वर्गाला ५ किंवा ६ बोल्ट आणि जड वर्गाला ६.५ इंचाच्या वर्तुळावर, म्हणजे १६५.१ मिलिमीटरवर, ८ बोल्ट. टायर लोड रेंज ई चे, म्हणजे जास्त भार पेलणाऱ्या वर्गाचे, घ्या, हलके टायर लावून एवढ्या सगळ्या कामाचा काही उपयोग नाही.

कमानीचे यू-बोल्ट नवीन घ्या. एकदा ताणलेला यू-बोल्ट परत तितका धरत नाही. रबरी बुशचे बोल्ट हाताने घट्ट करून सोडा आणि गाडी स्वतःच्या वजनावर चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचं टाइट करा. हवेत टाइट केले तर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं.

ब्रेकमध्ये सगळी जोडी दात्याची. मोठ्या कॅलिपरला जास्त तेल लागतं, जुना छोटा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेकचं तेल ढकलणारा) ठेवला तर पेडल खोल जातं. म्हणून मास्टर सिलिंडर, बूस्टर आणि पुढच्या-मागच्या ब्रेकला दाब वाटणारा व्हॉल्व्ह त्याच गाडीचा घ्या. पाइप सगळे नवीन, स्टीलचे किंवा तांबं-निकेलच्या मिश्रधातूचे, टोकाला डबल फ्लेअर, म्हणजे दुहेरी दुमडून पसरवलेलं तोंड. साधी तांब्याची नळी किंवा मधे कॉम्प्रेशनचा जोड ब्रेकलाइनवर कधीच नाही. मागे एक्सलला दांडीने जोडलेला लोडप्रमाणे दाब बदलणारा व्हॉल्व्ह असेल तर गाडीची उंची बदलल्यावर तो परत सेट करावा लागतो, हे खूप जण विसरतात आणि मग मागच्या ब्रेकला दाब चुकीचा मिळतो.

इंजिन आणि जोड शाफ्ट

केबिन चढवायच्या आधी इंजिन-गिअरबॉक्स चासीवर बसवून घ्या, हात सगळीकडे पोचतो. इंजिन माउंट आणि गिअरबॉक्सचा क्रॉस मेंबर जुन्या गाडीशी जुळतो का मोजा.

जोड शाफ्टची लांबी गाडी चाकांवर उभी असताना मोजायची. सरकणारा योक (शाफ्टचं गिअरबॉक्समध्ये शिरणारं टोक) पूर्ण आत ढकलल्यावर जिथे जातो त्यापेक्षा साधारण इंचभर बाहेर राहिला पाहिजे, म्हणजे कमानी दबल्यावर जागा मिळते. मग कोन. गिअरबॉक्सच्या आउटपुटचा आणि डिफरन्शियलच्या पिनियनचा (जोड शाफ्ट ज्याला जोडतो त्या गिअरचा) कोन एकमेकांना समांतर हवा, फरक १ अंशाच्या आत. प्रत्येक क्रॉसपाशी, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या सांध्यापाशी, पडणारा कोन ३ अंशांच्या आत ठेवायचा प्रयत्न करा, पण शून्यही नको, थोडा कोन नसेल तर क्रॉसमधले नीडल बेअरिंग फिरत नाहीत आणि एकाच जागी खड्डे पाडतात. गाडी उंच केली असेल तर कमानीखाली पाचर घालून पिनियन फिरवता येतो. हे नीट झालं नाही तर ठरावीक वेगाला सीटखाली थरथर येते आणि माणूस उगाच टायर बॅलन्स करत बसतो.

केबिन परत चढवताना

बॉडी माउंटची रबरं नवीन, आतल्या लोखंडी बाह्यांसकट. केबिन खाली घ्या, सगळे बोल्ट हाताने लावा, दरवाजे बसवा आणि फटी बघा. दाराची मागची वरची फट कमी असेल तर कुठल्या माउंटखाली पातळ चकती घालायची ते प्रयोग करूनच कळतं, दोन-तीनदा वर-खाली होईल, कंटाळू नका. फटी जुळल्यावर मगच टाइट. हौदा आणि केबिन यांच्यात इंचभर मोकळी जागा ठेवा आणि ते दोन्ही एकमेकांना कशानेही जोडू नका, चासी खड्ड्यात पिळते तेव्हा ते दोन्ही वेगवेगळे हलतात.

अर्थच्या पट्ट्या तीन: बॅटरी ते इंजिन, इंजिन ते चासी, इंजिन ते केबिन. रंग खरवडून उघड्या लोखंडावर लावा. नवीन रंगवलेल्या चासीवर अर्थ मिळत नाही आणि मग मागचे दिवे मंद, इंडिकेटर वेडे असले प्रकार सुरू होतात.

पहिली चक्कर

ब्रेकमधली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. पेडल कडक लागलं की मिनिटभर दाबून धरा, हळूहळू खाली गेलं तर कुठेतरी गळती आहे, रस्त्यावर जायचं नाही. अलाइनमेंट करून घ्या. पहिली चक्कर रिकाम्या रस्त्यावर, हळू, दर थोड्या वेळाने थांबून प्रत्येक हबला हात लावून बघत. एक हब बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग आवळलंय. साधारण १०० किलोमीटरनंतर चाकांचे नट आणि यू-बोल्ट टॉर्क पान्याने परत बघा, ५०० नंतर सगळे बॉडी माउंट, स्टिअरिंग बॉक्स आणि तुम्ही रिबेटच्या जागी टाकलेला प्रत्येक बोल्ट.

रिकामी गाडी आधीपेक्षा कडक चालेल, मागचं टोक खड्ड्यात उसळेल. त्या कमानी वजनासाठी बनल्यात, पट्टे काढून मऊ करायला जाऊ नका, शॉक ॲबसॉर्बर चांगले टाका.

मग गाडी वजनकाट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग अख्खी गाडी, मग फक्त मागची, तीन आकडे लिहून ठेवा. दात्याच्या दारावर प्रत्येक एक्सलच्या मर्यादेची पट्टी असेल तर तिच्यातून रिकामं वजन वजा करा. जे उरेल त्यात तुम्ही, सोबतची माणसं, माल, इंधन आणि ट्रेलरच्या हुकवर येणारा भार हे सगळं बसलं पाहिजे, आणि टायरवर लिहिलेली मर्यादा त्याहून कमी असेल तर ती धरा. कागदावरची एकूण मर्यादा अजून जुन्या गाडीचीच असेल तर माल तिच्या हिशोबाने भरायचा, खालची चासी कितीही दणकट असली तरी. हेडलाइटही त्याच दिवशी भिंतीसमोर उभं करून खाली आणा, गाडीची उंची बदललीय आणि आता उजेड समोरच्याच्या डोळ्यात जातोय.